मंगोलियन आणि कोरियन भाषा : साम्य, भेद व संबंध

मंगोलियन व कोरियन या पूर्व आशियातील दोन भाषांची वाक्यरचना एकमेकींशी विलक्षण जुळते, पण मूळ शब्दसंग्रह मात्र जुळत नाही. मंगोलियन ही बुर्यात, काल्मिक इत्यादींसह मंगोल भाषाकुलात मोडते. ती मंगोलिया देशात आणि चीनच्या आंतर मंगोलिया या स्वायत्त प्रदेशात बोलली जाते. मंगोलिया देशात खाल्खा ही तिची प्रमाण बोली. कोरियनचे कुल फारच लहान आहे. दक्षिण कोरियातील जेजू बेटावरची बोली वेगळी भाषा मानली, तर तेवढीच तिची जवळची नातलग. कोरियनभाषकांची संख्या मात्र सुमारे ८ कोटी आहे.

‘मी पुस्तक वाचले’ हे मंगोलियनमध्ये ‘बी नोम उन्शसान’ आणि कोरियनमध्ये ‘नानुन छेगुल इल्गॉत्ता’ असे होते. मराठीप्रमाणेच दोन्हींत कर्ता आधी, कर्म मध्ये व क्रियापद शेवटी येते. विभक्तीचे प्रत्यय नामाच्या शेवटी लागतात. ‘जेवून गेला’ यातल्या ‘-ऊन’सारखी सोयही दोन्हींत आहे : मंगोलियन ‘इदेद यावसान’, कोरियन ‘मॉक्को गात्ता’. नामांना लिंग नाही आणि क्रियापद कर्त्याच्या पुरुषाप्रमाणे बदलत नाही. ‘गेलो, गेलास, गेली’ या सगळ्यांना एकच रूप चालते.

स्वरसंवाद हे आणखी एक साम्य. मंगोलियनमध्ये आ, ओ, उ यांचा एक गट आणि ए व त्याच्या सोबतचे स्वर यांचा दुसरा. एका शब्दात सहसा एकाच गटाचे स्वर येतात आणि प्रत्ययालाही त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागते. म्हणून ‘आव’ (वडील) याचे पंचमीत ‘आवास’ होते, तर ‘गेर’ (घर, तंबू) याचे ‘गेरेस’. मंगोलियन व्याकरणात या गटांना पुरुष-स्वर व स्त्री-स्वर म्हणतात. कोरियन परंपरेत तीच कल्पना यांग व यिन या चिनी विचारातील परस्परपूरक तत्त्वांच्या जोडीने मांडली जाते. आजच्या कोरियनमध्ये हा नियम बराच ढिला झाला आहे. तो मुख्यतः क्रियारूपांत आणि अनुकरणवाचक शब्दांत उरला आहे : ‘बान्जाक’ म्हणजे बारीकशी चमक, ‘बॉन्जॉक’ म्हणजे डोळे दिपवणारी.

भेदही ठळक आहेत. कोरियनमध्ये ऐकणारा कोण यावर क्रियापदाचा शेवट ठरतो आणि आदरार्थी रूपांची मोठी व्यवस्था आहे. मंगोलियनमध्ये आदर मुख्यतः ‘ची’ (तू) व ‘ता’ (तुम्ही) यांतून आणि काही खास शब्दांतून व्यक्त होतो. कोरियनमध्ये क, त, प यांसारखे स्पर्श साधे, ताणलेले व महाप्राण असे तीन प्रकारचे आहेत. ही त्रिपेडी रचना मंगोलियनमध्ये नाही.

उसना शब्दसंग्रह तर दोन वेगळ्या दिशांनी आला आहे. कोरियनने तो चिनीतून घेतला; मंगोलियनवर बौद्ध धर्मामार्गे तिबेटी व संस्कृतचा ठसा उमटला. मंगळ ग्रहाला कोरियनमध्ये ‘ह्वासॉन्ग’, म्हणजे अग्नीचा तारा, म्हणतात. मंगोलियनमध्ये तोच ‘आन्गारग’ आहे, आपला अंगारक. बुध ‘बुद’, गुरू ‘बार्खास्बाद’, शुक्र ‘सुगार’ आणि शनी ‘सान्चिर’ (शनैश्चर). मराठी वाचकाला ही यादी समजायला कोश लागत नाही.

या दोन भाषा एकाच आदिभाषेतून निघाल्या का, हा वाद जुना आहे. फिनलंडचे भाषावैज्ञानिक गुस्ताफ योन रामस्टेट (१८७३–१९५०) हे मंगोलियनचे मोठे जाणकार. १९१९ ते १९२९ या काळात ते टोकियोत फिनलंडचे राजनैतिक प्रतिनिधी होते. त्यांनी कोरियनचाही अभ्यास केला आणि तुर्की, मंगोल व तुंगूस (मांचू इत्यादी) भाषांच्या ‘अल्ताई’ गटात तिला आणून बसवले. भाषावैज्ञानिक निकोलस पॉपे यांनी ही मांडणी पुढे नेली. जर्मन भाषावैज्ञानिक गेरहार्ड डोर्फर यांनी तिच्यावर कडाडून टीका केली. भाषावैज्ञानिक अलेक्झांडर वोविन आधी समर्थक होते, पुढे तेच कठोर टीकाकार बनले. २०२१ मध्ये मार्टिन रोबेट्स व सहकाऱ्यांनी ईशान्य चीनमधील पश्चिम ल्याव नदीच्या खोऱ्यातील भरडधान्य पिकवणाऱ्या शेतकऱ्यांपर्यंत या भाषांचे मूळ नेले. त्यावरही तज्ज्ञांनी गंभीर आक्षेप घेतले.

आक्षेपांचे बळ साध्या शब्दांत दिसते. एक ते पाच हे अंक मंगोलियनमध्ये नेग, खोयोर, गुराव, दोरोव, ताव. कोरियनमध्ये हाना, दुल, सेत, नेत, दासॉत. पाणी : उस आणि मुल. हात : गार आणि सोन. सख्ख्या बहिणींत इतका दुरावा नसतो. प्रत्यय लावण्याची पद्धत शेजारधर्मानेही सारखी होते. मराठी आणि कन्नड यांची कुळे वेगळी असूनही त्यांची वाक्ये किती जुळतात, हे सोलापूर-बेळगावकडे रोज ऐकू येते. प्रस्तुत नोंदीचा कलही एककुलापेक्षा सहवासाकडेच आहे.

या सहवासाचा भक्कम पुरावा तेराव्या शतकातला आहे. १२३१ पासून मंगोलांनी कोरियातील कोर्यो राज्यावर स्वाऱ्या केल्या. पुढे सुमारे शतकभर कोर्यो राजे युआन दरबाराचे (चीनवर राज्य करणाऱ्या मंगोल घराण्याचे) मांडलिक व जावई होते. जेजू बेटावर मंगोलांनी १२७६ च्या सुमारास घोड्यांची पैदास सुरू केली. कोरियनमध्ये ‘काळा’ यासाठी स्वतःचा शब्द आहे, ‘गॉमुन’. पण काळ्या घोड्याला ‘गारा-माल’ म्हणतात. यातला ‘गारा’ म्हणजे मंगोल ‘खारा’, काळा. तांबूस घोड्याचा ‘जॉल्ता’ आणि तपकिरी घोड्याचा ‘गुरॉन्ग’ हेही मंगोल ‘जेएर्दे’ व ‘क्युरेंग’ यांतून आले. रंगाचा शब्द घोड्यापुरताच वापरला जातो, यावरून तो वारशाने नव्हे तर तबेल्यातून आला हे कळते. ससाण्यांच्या ‘बोरामे’ व ‘सोन्गोल्मे’ या नावांत मंगोल ‘बोरो’ (करडा) व ‘शोंखोर’ आहेत. राजाच्या भोजनाला ‘सुरा’ म्हणत. त्याचे मूळ मंगोल ‘श्युलेन’ (रस्सा) मानले जाते. दारू गाळण्याची विद्याही याच काळात कोरियात पोहोचली. उत्तर कोरियातील केसॉन्ग शहराकडे त्या दारूला ‘आराक-जू’ म्हणतात, मंगोलियात ‘आर्खी’. दोन्हींच्या मुळाशी अरबी ‘अरक’ आहे, ज्यातून मराठीत ‘अर्क’ आला.

लिपीबाबतचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. १२६९ मध्ये कुबलाई खानाने तिबेटीवर आधारलेली फाग्स-पा लिपी जाहीर केली. कोरियाच्या सेजोंग राजाने १४४३ मध्ये सिद्ध केलेली आणि १४४६ मध्ये प्रसृत केलेली हान्गुल ही कोरियन लिपी तिच्यावरून सुचली काय? अमेरिकन अभ्यासक गॅरी लेडयार्ड यांच्या मते काही मूळ व्यंजने तिथूनच आली. सर्वमान्य मत मात्र सेजोंगकालीन भाष्यग्रंथाला धरून आहे : व्यंजनांची चिन्हे जीभ, ओठ, दात व कंठ यांच्या आकारांवरून घडवली आहेत.

कोर्योनंतरच्या जोसॉन राजवटीत दरबारी दुभाष्यांच्या कचेरीत मंगोलियन शिकवली जाई. तिथल्या अठराव्या शतकातील पाठ्यपुस्तकांत उभ्या मंगोल ओळीशेजारी हान्गुलमध्ये उच्चार आणि पुढे कोरियन अर्थ दिलेला आढळतो. मंगोल लिपीत जे उच्चार संदिग्ध राहतात, ते या हान्गुल नोंदींमुळे उलगडतात. म्हणून मंगोलियनच्या ध्वनींचा इतिहास लिहिणाऱ्यांना ही पुस्तके फार मोलाची वाटतात.