फोमगाभा विमानधड (साचाविरहित)

हलक्या फोमच्या दोन्ही बाजूंवर काचतंतूंचे कापड इपॉक्सीने (द्रवरूपात लावून कडक होणाऱ्या रेझिनने) बसवून केलेले विमानाचे धड. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेतील हौशी विमानबांधणीत रूढ आहे. येथे वेगळा साचा नसतो; फोमच आकार देतो आणि गाभा म्हणून विमानातच राहतो. ताण व दाब काचतंतूंची कवचे घेतात, कर्तनबल (थर एकमेकांवर सरकवू पाहणारे बल) गाभा घेतो.

उगमाबाबत मतभेद आहेत. गाभायुक्त धड जुनेच आहे: डी हॅविलंड मॉस्किटोचे (१९४०) प्लायवुड व बाल्सा लाकडाचे होते, तर जर्मन फिनिक्स ग्लायडरचे (१९५७) काचतंतू व बाल्साचे, पण ही दोन्ही साच्यावर घडवलेली. विमानरचनाकार केन रँड यांच्या केआर-१ या हौशी विमानाला (१९७२) काही जण पहिला मान देतात. त्यात मुख्य भार लाकडी चौकट वाहते, फोम बहुतांशी आकारापुरता असतो. त्यामुळे त्याला पूर्वरूप म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. भारवाही कवचाची साचाविरहित पद्धत हौशी बांधणाऱ्यांपर्यंत नेली ती अमेरिकी विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या व्हॅरिईझी (१९७५) व लाँग-ईझी (१९७९) या विमानांनी. अर्थात त्यांच्या धडातही स्प्रूस लाकडाचे लाँजेरॉन (धडाच्या लांबीभर जाणाऱ्या पट्ट्या) आहेतच.

पंखांसाठी निळा पॉलिस्टायरिन फोम तापलेल्या तारेने कापतात. धडाला पीव्हीसी किंवा युरेथेनचे तक्ते लागतात. युरेथेनला तापलेली तार लावू नये, विषारी वायू निघतो. पॉलिस्टायरिन पेट्रोलमध्ये व पॉलिस्टर रेझिनमध्ये विरघळतो, म्हणून इंधनटाकीला तो वर्ज्य.

बाजूचे तक्ते वक्र आधारांवर वाकवून आधी आतले कवच चढवतात. मग आडभिंती उभ्या करून सांधे ४५ अंशांत कापलेल्या काचपट्ट्यांनी बांधतात, तळ जोडतात आणि बाहेरून फोम घासून गोलाई दिल्यावर बाहेरचे कवच चढवतात. कापडाआधी फोमवर मायक्रोचा, म्हणजे पोकळ काचगोलकांची भुकटी व इपॉक्सी यांचा, पातळ हात देतात. घनफळाने साधारण १:१. तो नसेल तर फोमचे उघडे कोश कापडातले रेझिन शोषतात व कवच सुटते. खाचा भरायला भुकटी सुमारे पाचपट घेतात. बळकट सांध्यांना मात्र फ्लॉक्स, म्हणजे कापूसतंतू मिसळलेले इपॉक्सीच हवे. तेथे मायक्रो वापरणे ही गंभीर चूक होय.

रेझिन वजनाने ३५–४० टक्के असावे. पांढुरके ठिपके म्हणजे अडकलेली हवा, चकाकणारी डबकी म्हणजे फुकटचे वजन. कडक झालेल्या थरावर नवा थर देण्याआधी जाड सँडपेपरने चकाकी पूर्ण घालवतात. पील-प्लाय (ओल्या थरावर लावून तो कडक झाल्यावर सोलून काढायचे कापड) लावलेले असल्यास हे काम बरेच वाचते. नाण्याने ठोकून पाहता बद्द आवाज आला तर तेथे थर सुटलेला असतो. बोल्टच्या जागी फोम काढून प्लायवुड वा फ्लॉक्स भरतात, नाहीतर आवळताच गाभा चिरडतो. साध्या तापमानाला घट्ट होणारे इपॉक्सी उन्हात तापल्यास मऊ पडते, म्हणून ही विमाने बहुधा पांढरीच रंगवतात.