विमानातील चामड्याची आसने आणि प्राणिकल्याण

प्रवासी विमानांच्या आसनांवर चामड्याचे आच्छादन चढवण्याची प्रथा आणि त्या चामड्यामागच्या जनावराबद्दल घेतले जाणारे आक्षेप. मराठीत सोलून निघते ते कातडे आणि कमावून तयार होते ते चामडे. विमानात आपल्या नजरेला फक्त चामडे पडते. आक्षेप कातड्याच्याही आधीपासून सुरू होतात. येथे हा विषय इंदूर शहराच्या संदर्भात पाहिला आहे.

चामडे विमानात टिकले ते थाटामुळे कमी आणि फडक्यामुळे जास्त. एकेकाळी ते वरच्या वर्गाचे लक्षण होते. पुढे स्वस्त तिकिटांच्या कंपन्यांनीही ते साध्या वर्गात आणले, कारण दोन उड्डाणांमधल्या घाईत सांडलेला चहा त्यावरून ओल्या फडक्याने पुसून निघतो, तर कापडी खोळ काढून धुवावी लागते. आगीच्या कसोटीचाही यात भाग आहे. अमेरिकी नियमांनुसार आच्छादनाचा तुकडा उभा टांगून त्याला खालून १२ सेकंद ज्योत लावतात. ज्योत काढल्यावर तो सरासरी १५ सेकंदांच्या आत विझला पाहिजे आणि जळीत ८ इंचांच्या पुढे जाता कामा नये. चामडे सहजी पेट घेत नाही. तरीही विमानासाठी त्यावर अग्निरोधक प्रक्रिया करतात. रिक्षाच्या सीटवर चढवतात ते पीव्हीसीचे रेग्झिन जळताना आम्लाचा घातक धूर सोडते, म्हणून ‘चामडे नको तर रेग्झिन लावा’ हा सल्ला वाटतो तितका सोपा नाही.

एका मोठ्या जनावराच्या कातड्यातून साधारण ४ ते ५ चौरस मीटर चामडे मिळते. तेही सगळे कामाचे नसते. काटेरी तारेचे ओरखडे, गोचिडांचे डाग, डागणीच्या खुणा चुकवून कापणी करावी लागते. जनावराने काय काय सोसले याचा हा एका अर्थी नकाशाच, आणि गिऱ्हाइकापर्यंत पोचण्याआधी तो कातरून टाकला जातो. डागणी, भूल न देता शिंगे काढणे, ट्रकमध्ये किंवा जहाजात कोंबून केलेली लांबची वाहतूक आणि बेशुद्ध न करता केलेली कत्तल हे मुख्य आक्षेप. भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०चा, जनावरांच्या वाहतुकीचे नियम १९७८चे आणि कत्तलखान्यांचे नियम २००१चे. कागदावर ते कडक आहेत. पण भारतातील गुरांच्या वाहतुकीवर पेटा या प्राणिहक्क संस्थेने रान उठवल्यावर २००० साली अमेरिकेच्या गॅप या कपड्यांच्या कंपनीने भारतीय चामडे घेणे थांबवले होते. मध्य प्रदेशात २००४च्या कायद्याने गोवंशाची कत्तल बंद आहे. विमानाच्या आसनाला मात्र अशा राज्याच्या सीमा नसतात. आसने बहुतेक परदेशी कारखान्यांत तयार होतात.

चामड्याच्या बाजूने नेहमीचा युक्तिवाद असा : जनावर मांसासाठी मारले जाते, कातडे आयतेच मिळते, न वापरले तर कुजेल. यात अर्धे तथ्य आहे. मांसाच्या किमतीपुढे कातड्याची किंमत थोडी असते आणि केवळ आसनासाठी कोणी गाय पाळत नाही. पण कातड्याचे पैसे धंद्याच्या हिशेबात धरलेले असतात. ज्याचा भाव होतो त्याला निव्वळ टाकाऊ म्हणता येत नाही.

‘मग मेलेल्या जनावराचे वापरा’ ही सूचना महाराष्ट्राला नवी नाही. गांधीजींच्या प्रेरणेने १९३०च्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडीला याच तत्त्वावर चर्मालय चालले. परंतु मेलेले ढोर ओढायचे आणि सोलायचे कोणी, हा प्रश्न इंदूरला टाळता येत नाही. शहराजवळच्याच महूला जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९२७च्या महाड परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले आणि जातीने गळ्यात घातलेली असली कामे झुगारण्याची वाट दाखवली. २०१६मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर मारहाण झाली. ‘अहिंसक चामडे’ या शब्दातली अहिंसा जनावरापुरतीच धरायची का, हे अशा वेळी विचारावे लागते.

इंदूरमध्ये हा विषय दोन ठिकाणी टेकतो. इतवारियातल्या काचमंदिरासारख्या जैन मंदिरात शिरताना चामड्याचा पट्टा आणि पाकीट बाहेर ठेवण्याची रीत सगळ्यांना ठाऊक असते. दुसरे ठिकाण म्हणजे खुद्द विमानतळ. त्याला अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे, आणि राजवाड्याजवळच्या आडा बाजाराच्या नावामागे त्यांचीच आख्यायिका सांगतात : पुत्र मालेरावाच्या रथाखाली वासरू मेले, अहिल्याबाईंनी पुत्राला तशीच शिक्षा फर्मावली आणि त्या वासराची आई गायच रथाला आडवी आली. इतिहासात मालेराव १७६७मध्ये आजाराने वारले. पण घराघरांत गोष्ट चालते ती गाईचीच.

पर्यायांमध्ये दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत होते. एक पॉलियुरेथेनचे, म्हणजे पूर्ण कृत्रिम. दुसरे पुनर्वापराचे : टॅनरीतली (चामडे कमावण्याच्या कारखान्यातली) कातरण दळून तिचे तंतू पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी कापडाच्या थरात गुंतवतात. ब्रिटनच्या ई-लेदर कंपनीचा (आताचे नाव जेन फिनिक्स) असा माल अमेरिकेच्या साउथवेस्ट विमान कंपनीने २०१२मध्ये आपल्या आसनांवर चढवला. तो वजनाला हलका, म्हणून इंधनही वाचते. शाकाहारी मात्र तो नाही. जनावर त्यातही आहेच.

ओळखायचे कसे? गाडीचे सीटकव्हर शिवणारा कारागीर कापलेली कड उलटून पाहतो. चामड्याची कड पिंजल्यासारखी तंतुमय असते, तर रेग्झिनच्या पाठीला विणलेले कापड दिसते. विमानात कड शिवणीत गेलेली असते आणि पुनर्वापराच्या चामड्यात तंतू आणि कापड दोन्ही असतात, त्यामुळे बोटांवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

भारतात खाद्याच्या पुड्यावर शाकाहारासाठी हिरवा ठिपका किंवा मांसाहारासाठी तपकिरी त्रिकोण सक्तीचा आहे. विमानात जैन जेवणाला व्हीजेएमएल असे स्वतंत्र सांकेतिक नावही आहे. कांदा-लसूण नको, कंदमुळे नकोत, हे सगळे तिकीट काढतानाच सांगता येते. आसनावर असली खूण नाही आणि तिकिटावर त्याचा उल्लेख नाही. कंपनीला आधी विचारले तर कधी त्या विमानाच्या आसनांबद्दल कळते. आयत्या वेळी विमान बदलले की तेही वाया जाते.