ऐतिहासिक चित्रकादंबरी आणि यादीतल्या रकान्याचा वाद

चित्रांतून इतिहास सांगण्याची रीत फार जुनी आहे, पण आजचा प्रौढ वाचक ऐतिहासिक चित्रकादंबरीत का गुंततो हे समजून घ्यायला १९५०च्या दशकामागे जायची गरज नाही. त्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत काही युद्ध-कॉमिक्स निघाली. त्यांतली शस्त्रं आणि गणवेश अभ्यास करून काढलेले असत आणि मेलेल्या शत्रूलाही चेहरा असे. १९५४मध्ये प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. सज्जनांचा दुर्जनांवर दर वेळी विजय झाला पाहिजे आणि अधिकाऱ्यांबद्दल अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही, हे तिच्यातले दोन नियम. असे नियम पाळून इतिहास सांगता येत नाही.

जपानमध्ये हा अडसर नव्हता. तिथे १९७३मध्ये मुलांच्या एका साप्ताहिकात हिरोशिमाची कथा क्रमशः सुरू झाली. चित्रकार स्वतः सहाव्या वर्षी त्या बॉम्बहल्ल्यातून वाचलेला. नायक मुलाचं नाव कल्पित, त्याच्यावर गुदरलेलं बरंचसं मात्र चित्रकाराचं स्वतःचं.

पुढे खरा पेच पडला तो ‘माउस’मुळे. ज्यू म्हणजे उंदीर आणि नाझी म्हणजे मांजरं अशी मांडणी असलेलं हे पुस्तक लेखकाने वडिलांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून, त्यांच्या छळछावणीतल्या आठवणींवर रचलं. दुसरा खंड १९९१मध्ये आला, तेव्हा न्यूयॉर्कमधल्या एका दैनिकाने खपाच्या यादीत तो कल्पित साहित्याच्या रकान्यात टाकला. लेखकाने पत्र लिहून हरकत घेतली: हा रकाना पाहून ज्यूंचा संहार झालाच नाही म्हणणाऱ्यांना काय वाटेल? दैनिकाने पुस्तक ललितेतर, म्हणजे कल्पित नसलेल्या पुस्तकांच्या रकान्यात हलवलं. पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर हे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक मिळालं, तेही नेहमीच्या कोणत्याही विभागात नाही, ‘विशेष’ म्हणून.

लेखकाची हरकत रास्त होती. पण त्या निर्णयाची जी किंमत मोजावी लागली, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ‘कल्पित म्हणजे खोटं’ हे समीकरण त्यातून घट्ट झालं. पुढची अनेक वर्षं मान आणि पुरस्कार प्रामुख्याने आत्मकथनांच्या वाट्याला आले; खऱ्या काळात कल्पित माणसं वावरवणारी चित्रकादंबरी दुय्यम ठरली. मला हा अन्याय वाटतो, कारण चित्रात ही सीमारेषा टिकतच नाही. ‘ती दुकानात शिरली’ असं लिहून गद्यलेखक मोकळा होतो. चित्रकाराला मात्र फळ्या, दिवा, गल्ल्यावरच्या माणसाची कॉलर, सगळं ठरवावं लागतं. त्या कोपऱ्याचं छायाचित्र कुणी काढलेलं नसतं. म्हणजे सत्यकथेतही चौकटीगणिक कल्पना करावी लागते, आणि कल्पित कथा काढणाऱ्याचीही त्या काळाच्या शोधातून सुटका होत नाही.

वाचक ओढला जातो तो इथेच. कागदपत्रांत तह आणि तारखा उरतात. रोजचं जगणं उरत नाही, ते चौकटीच्या कडेला सापडतं. एका चौकटीवर किती वेळ थांबायचं हेही वाचकाच्याच हातात असतं. शिवाय दोन काळ एका पानावर आणता येतात. ‘माउस’च्या दुसऱ्या खंडात लेखक १९८७मध्ये आपल्या चित्रफलकापाशी बसला आहे आणि त्याच्या पायाशी प्रेतांचा ढीग आहे. गद्यात हे सांगायला एक परिच्छेद लागला असता, आणि तरी तो ढीग असा एका नजरेत दिसला नसता.

काहींनी मधला मार्ग काढला. लंडनमधल्या १८८८च्या खुनांवरच्या एका चित्रकादंबरीला लांबलचक टिपा जोडल्या आहेत. कोणत्या पानावरचं काय नोंदींतून घेतलं आणि काय रचलं, ते त्यांत लेखकाने स्वतःच सांगून टाकलं आहे. वायमार प्रजासत्ताकाच्या, म्हणजे नाझी सत्तेवर येण्याआधीच्या जर्मन लोकशाहीच्या, अखेरच्या वर्षांतलं बर्लिन, कल्पित पत्रकार आणि कलाविद्यार्थिनीच्या नजरेतून उभं करणारी एक मालिका १९९६ला सुरू होऊन २०१८ला संपली. ललित रकान्यात राहूनही ती कोणत्याही दस्तऐवजाइतकीच गंभीर आहे.

अलीकडचे वाद रकान्यावरून शाळेकडे सरकले आहेत. २०१२मध्ये जपानमधल्या मात्सुए शहरात हिरोशिमाची ती मालिका शालेय ग्रंथालयांच्या खुल्या कपाटांतून हलवली गेली. टीका झाल्यावर पुढच्या वर्षी तो निर्बंध उठला. २०२२मध्ये अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या एका शाळा मंडळाने शिव्या आणि एका नग्न चित्राचं कारण देत ‘माउस’ अभ्यासक्रमातून काढलं, आणि त्याची मागणी उसळली. २०२३मध्ये खुद्द हिरोशिमा शहराने आपल्या शांतता-शिक्षणाच्या साहित्यातून ती मालिका वगळली. चर्चेत खटकलेल्या प्रसंगांपैकी एक असा: आजारी आईला खाऊ घालण्यासाठी भुकेला मुलगा दुसऱ्याच्या तळ्यातला मासा चोरतो. त्यातून मुलांचा चोरीबद्दल गैरसमज होईल, असा आक्षेप होता.