पार्किंगच्या कोब्यावर लेप का टिकत नाही?

बंगल्याच्या पार्किंगला इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव कालवून लावायचा कडक लेप, करायचं ठरलं की घरात चर्चा सुरू होते ती रंगाची. राखाडी घ्यायचा की लालसर, चकाकणारा की मंद? त्याआधी चौकशी करायला हवी ती कोब्याच्या पोटातल्या पाण्याची. मुरमाचा भराव, सोलिंग म्हणजे दगडांचा थर, आणि वर काँक्रीट ही आपल्याकडची नेहमीची बांधणी. ओल अडवणारा प्लास्टिकचा कागद मध्ये क्वचितच घातलेला असतो. त्यामुळे जमिनीतली ओल काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वर येत राहते. उघड्या कोब्यावर ती जाणवत नाही, कारण येईल तशी उडून जाते. वर घट्ट लेप चढला की तिची वाट बंद होते. ती लेपाखाली साठते, येताना सिमेंटमधले क्षार घेऊन येते आणि लेपाची पकड सोडवते. मग फुगे येतात, पोपडे निघतात आणि बोल रंगाच्या कंपनीला लागतो.

ओल तपासायला खर्च जवळजवळ नाहीच. साधारण 45 सेंटिमीटर लांबी-रुंदीचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारी कडा चिकटपट्टीने कोब्याला पक्क्या बंद करा आणि किमान 16 तास तसाच ठेवा. आत थेंब जमले किंवा काँक्रीट काळपट दिसलं, तर काम पुढे ढकला. तपासणी पावसाळ्याच्या अखेरीस केलेली बरी, कारण कोब्याची सगळ्यात वाईट अवस्था तेव्हाच कळते. लेप मात्र कोरड्या दिवसांतच लावावा. काँक्रीट नवं असेल तर निदान 28 दिवस थांबावं.

दुसरी अडचण गवंड्याच्या कौशल्यातूनच येते. कोबा घोटून घोटून गुळगुळीत केला की वर सिमेंटचा नाजूक पापुद्रा राहतो. लेप त्यालाच चिकटतो आणि पापुद्र्यासकट उचलला जातो. म्हणून मशिनने घासून तो काढावा लागतो. घासल्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो मोत्यासारखा वरच बसून राहिला, तर तिथे तेल किंवा जुना सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा लेप, आहे. या घासकामावर काटकसर करून वर महागडा ‘थ्रीडी’ चकचकाट करून घेणं मला तरी अजब वाटतं.

इपॉक्सी म्हणजे साधा रंग वाळणं नव्हे. रेझिन हा मूळ द्रव आणि त्याला कडक करणारा हार्डनर एकत्र आले की त्यांचे रेणू एकमेकांत गुंफून घट्ट जाळं बनतं, आणि या क्रियेत उष्णता निघते. बादलीत मिश्रण तसंच ठेवलं तर उष्णता कोंडते, क्रिया आणखी वेग घेते आणि लावण्याआधीच सगळं थिजतं. म्हणून कालवलेलं मिश्रण लगेच कोब्यावर ओतून पसरतात. हवा दमट असेल तर हार्डनरमधले अमाइन नावाचे घटक हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळतात, आणि पृष्ठभागावर चिकट, पांढुरकी साय धरते. पुढचा थर तिच्यावर बसत नाही.

नेहमीच्या इपॉक्सीच्या रेणूत बेंझिनची कडी, म्हणजे कार्बनच्या सहा अणूंचं कडं, असते. ती अतिनील किरण शोषते, म्हणून उन्हात लेप पिवळा पडतो. आपली बरीचशी पार्किंग दोन-तीन बाजूंनी उघडी असल्याने हे लक्षात घ्यायलाच हवं. टायरचं दुखणं वेगळं. हायवेवरून आलेलं टायर तापलेलं असतं आणि अनेक साधे इपॉक्सी 50-60 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतात. गार होताना टायर आकसतं आणि मऊ झालेला लेप ओढून घेतं. पातळ, पाण्यात मिसळायच्या रंगांची या बाबतीत दैना होते.

त्यामुळे माझी पसंती मिश्र पद्धतीला: खाली काँक्रीटला घट्ट धरणारा इपॉक्सी आणि वर पॉलिअस्पार्टिक. या दुसऱ्या लेपात बेंझिनची कडी नसल्याने तो उन्हात पिवळा पडत नाही, आणि काही तासांत कडक होतो. पण हाताशी वेळ फार थोडा मिळतो, म्हणून तो सरावलेल्या माणसाकडूनच लावून घ्यावा. सजावटीसाठी ओल्या इपॉक्सीवर रंगीत प्लास्टिकच्या चकत्या भुरभुरतात. त्यांच्यात डाग आणि बारीक चढउतार लपतात. वरच्या थरात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक, खरखरीत कण मिसळायला सांगा, नाहीतर पावसात ओल्या चपलांनी आत येणारा माणूस घसरलाच म्हणून समजा.