डेस्काहे : राष्ट्रसंघाच्या दारी गेलेले प्रमुख

१९२३ साली कॅनडातल्या ग्रँड नदीकाठचे एक शेतकरी जिनेव्हाला राष्ट्रसंघाच्या दारी जाऊन उभे राहिले. नाव लिव्हाय जनरल, जन्म १८७३, जमात केयुगा. इतिहासात ते डेस्काहे म्हणून ओळखले जातात, आणि सगळी मेख त्या नावातच आहे. ते नाव नव्हे, पद आहे. मूळनिवासी जमातींच्या हौडेनोशौनी महासंघात अशी ५० पदं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. प्रमुख गेला की तेच नाव पुढच्याला मिळतं, आणि पुढचा कोण हे कुळातली थोरली बाई, म्हणजे कुलमाता, ठरवते. हरणाची शिंगं ही या पदाची खूण. प्रमुख वाट चुकला, वारंवार बजावूनही ऐकेना, तर ती शिंगं उतरवण्याचा अधिकारही तिचाच. लिव्हाय यांना हे पद १९१७ मध्ये मिळालं.

मोहॉक, ओनायडा, ऑनोंडागा, केयुगा, सेनेका आणि नंतर आलेले टस्करोरा अशा सहा जमातींचा हा महासंघ. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात त्यातले अनेक जण ब्रिटिशांच्या बाजूने लढले आणि आपल्या जमिनी गमावून बसले. त्याची भरपाई म्हणून १७८४ मध्ये त्यांना ग्रँड नदीच्या दोन्ही काठांना सहा-सहा मैलांचा पट्टा देण्यात आला. आपण ब्रिटिश राजाचे मित्र आहोत, प्रजा नाही, ही त्यांची भूमिका तेव्हापासूनची. गोऱ्यांशी झालेल्या जुन्या कराराचा त्यांचा पुरावा शिंपल्यांच्या मण्यांचा आहे : पांढऱ्या पट्ट्यावर जांभळ्या रंगाच्या दोन समांतर रेघा. एकाच नदीतून शेजारीशेजारी जाणाऱ्या दोन नावा, कुणी कुणाची नाव हाकायची नाही.

ओटावाला, म्हणजे कॅनडाच्या सरकारला, हे मान्य नव्हतं. १९२० मध्ये कायदा बदलून, मूळनिवासींना न विचारताच त्यांचा मूळनिवासी म्हणून असलेला कायदेशीर दर्जा काढून घ्यायची सोय सरकारने केली. डेस्काहे १९२१ मध्ये स्वतःच्या राष्ट्राचा पासपोर्ट घेऊन लंडनला गेले. हा कॅनडाचा घरचा प्रश्न, असं सांगून त्यांची बोळवण झाली. मग जिनेव्हा. आयर्लंड, एस्टोनिया, पनामा आणि पर्शिया यांनी त्यांचं गाऱ्हाणं पुढे नेलं, पण ब्रिटनच्या दबावापुढे कुणाचं काही चालेना. राष्ट्रसंघाच्या सभेत त्यांना अखेरपर्यंत बोलू दिलं नाही. माझ्या मते त्या संस्थेचं हे लाजिरवाणं अपयश होतं. लहान राष्ट्रांची दाद घेण्यासाठीच तर ती जन्मली होती!

ते युरोपात असतानाच, १९२४ च्या शरदात, कॅनडाने ग्रँड नदीवरची पारंपरिक सभा बरखास्त केली आणि निवडणुकीतून आलेली समिती बसवली. कुलमातांचा अधिकार एका सरकारी हुकुमाने कागदावरून पुसला गेला.

डेस्काहे घरी परतलेच नाहीत. मार्च १९२५ मध्ये आजारी असतानाच त्यांनी अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या रेडिओवरून शेवटचं भाषण केलं. २७ जूनला, सीमेच्या अमेरिकी बाजूला, क्लिंटन रिकार्ड या टस्करोरा प्रमुखांच्या घरी त्यांनी प्राण सोडला. पुढच्याच वर्षी रिकार्ड यांनी आपल्या लोकांना ही सीमा मोकळेपणी ओलांडता यावी म्हणून संघटना उभारली. नायगारापाशी सीमा ओलांडणारा तिचा मोर्चा १९२८ मध्ये सुरू झाला.