मोठेपण आणि दोड्डतन

सोलापुरात शिंप्याला ‘शिलाई किती?’ विचारलं की तो रुपये सांगतो. शिवण्याच्या क्रियेचं नाव मजुरीलाही लागलं. ‘धुणं’ म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि ‘देणं’ म्हणजे चक्क कर्ज! क्रियेचं नाम झालं की ती मोजता येते, तिचा भाव करता येतो. ही सोय भाषांना हवीच असते. रीती मात्र वेगवेगळ्या.

पूर्व भागातल्या विणकर वस्तीत तेलुगू ऐकू येते, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. विणण्याचं क्रियापद दोन्हींत ‘नेयु’. त्याचं नाम तेलुगूत ‘नेत’, कन्नडमध्ये ‘नेय्गे’. म्हणजे मूळ एक, प्रत्यय निराळे. याहून जुनी युक्ती शब्दाच्या पोटात आहे. कन्नड ‘आडु’ म्हणजे खेळणं, ‘आट’ म्हणजे खेळ. ‘ओडु’ म्हणजे धावणं, ‘ओट’ म्हणजे धाव. ‘ड’चा ‘ट’ झाला की क्रियापदाचं नाम झालं. तमिळमध्ये हाच ‘ट’ जोडाक्षर होऊन येतो: आट्टम्, ओट्टम्. चिनी भाषेत तर पुष्कळदा शब्द तसाच राहतो, वाक्यातली जागाच तो नाम आहे की क्रियापद ते ठरवते.

विशेषणांची गंमत मला जास्त भावते. ‘गोड’पासून आपण गोडी, गोडवा, गोडपणा अशी तीन नामं काढली. चहाचा गोडपणा, बोलण्यातला गोडवा, वाचनाची गोडी. यांची अदलाबदल केलेली कानाला लगेच खटकते. जपानीतही ‘अमाइ’ म्हणजे गोड. त्यापासून ‘अमासा’ हे गोडपणाचं प्रमाण आणि ‘अमामि’ ही जिभेला जाणवणारी गोड चव.

आता आपला ‘-पण’. वैदिक संस्कृतातल्या ‘-त्वन’ या प्रत्ययाची प्राकृतात ‘-त्तण’ आणि ‘-प्पण’ अशी दोन रूपं झाली. ‘-प्पण’ची वाट मराठीत आली: मोठेपण, शहाणपण, बालपण. कन्नडमध्ये मोठेपणाला ‘दोड्डतन’ म्हणतात, गरिबीला ‘बडतन’. तेलुगूत चांगुलपणाला ‘मंचितनम’. हा ‘-तन’ प्राकृत ‘-त्तण’वरूनच द्राविडी भाषांत गेला, असं भाषाशास्त्रात मानलं जातं. भाषाकुळं दोन, पण प्रत्ययाचा पूर्वज एकच!

शब्द तर बाजारातही उसने मिळतात. प्रत्यय उसना घ्यायला पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार लागतो, कारण तो ऐकणाऱ्याला आधी परक्या शब्दांतून वेगळा ओळखावा लागतो. कन्नड आणि तेलुगूने तो नुसता ओळखला नाही, तर आपल्या अस्सल शब्दांना जोडला. दोड्ड, बड, मंचि हे तिन्ही शब्द द्राविडीच आहेत.