२ चा ६७ वा घात उणे १ : एका संख्येची पार्श्वभूमी

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या चढावर, एकाच खडकात कोरलेल्या चतुर्भुज मंदिरात विक्रम संवत ९३३, म्हणजे इ. स. ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची मापे, २७० हात आणि १८७ हात, त्यात आकड्यांतच कोरलेली असून २७० मधले शून्य आजच्यासारखेच वाटोळे, मात्र इतर अंकांहून बारीक आहे. यातल्या १८७ चे अवयव काढणे कठीण नाही. सतरा दाहे म्हणून झाल्यावर आणखी एक सतरा मिळवला की काम झाले. संख्या मोठी झाली की मात्र हा हिशेब कसा हाताबाहेर जातो, हे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ या एकवीस अंकी संख्येच्या इतिहासावरून कळते.

ही संख्या म्हणजे २ चा ६७ वा घात उणे १. फ्रेंच धर्मगुरू मारँ मेर्सेन याने १६४४ मध्ये अशा प्रकारच्या मूळ संख्या देणाऱ्या घातांकांची २५७ पर्यंतची यादी दिली आणि तीत ६७ चा समावेश केला. एवढ्या मोठ्या संख्या त्याने प्रत्यक्ष तपासल्या असतील, हे संभवत नाही. यादीत ६७ आणि २५७ चुकून आले, तर ६१, ८९ आणि १०७ राहून गेले.

फ्रेंच गणिती एदुआर ल्युका याने १८७६ मध्ये, म्हणजे ग्वाल्हेरच्या लेखानंतर बरोबर हजार वर्षांनी (योगायोगच, पण आम्हा ग्वाल्हेरकरांना सुखावणारा), ही संख्या संयुक्त असल्याचे दाखवले. तिचा एकही अवयव मात्र त्याच्या हाती नव्हता. त्याच्या कसोटीचे पुढे अमेरिकन गणिती लेमरने सोपे केलेले रूप असे : ४ पासून सुरुवात करून प्रत्येक वेळी वर्ग करायचा, २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्यायची; हे घातांकाहून दोनने कमी इतक्या वेळा करायचे. घातांक ५ असता संख्या ३१ येते. ४, १४, १९४ या क्रमात १९४ ला ३१ ने भागल्यावर बाकी ८ उरते, आणि ८ चा वर्ग उणे २, म्हणजे ६२, ३१ ने निःशेष भागला जातो, म्हणून ३१ मूळ. शेवटी शून्य आले नाही, तर संख्या संयुक्त. पण ती कशाने भागली जाते, याविषयी ही कसोटी काहीच सांगत नाही.

ते कळायला आणखी सत्तावीस वर्षे लागली. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी एक शब्दही न बोलता फळ्यावर हा घात मांडला, शेजारी गुणाकार केला आणि दोन्ही उत्तरे जुळताच ते जागेवर जाऊन बसले, असे सांगतात. या कामी तीन वर्षांचे रविवार गेल्याचेही म्हटले जाते. हकिगतीत थोडे तिखटमीठ असेलही, गुणाकार मात्र चोख आहे : १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. अशा संख्येचा कोणताही मूळ अवयव १३४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असावा लागतो, आणि हे दोन्ही तसेच आहेत. एकवीस अंकी संख्येत शून्य एकदाही येत नाही. ते पहिल्या अवयवात, नऊ अंकांच्या बरोबर मध्यभागी आहे.